जुन्या नावाचं पान

सोमवारी निरोप आला :
नव्या सर्व्हरवर ‘नेटस्टॅट’ नसेल.
मॅन्युअलमधले जुने उल्लेख काढून टाकावेत,
शुक्रवारपर्यंत.

एकशे बारा उल्लेख. मोजले मी.
शोधा आणि बदला, एक कळ दाबायची,
कटिंग येण्याआधी काम संपलं असतं.
नवं नाव दोनच अक्षरांचं, ‘एसएस’,
हाक मारावी तर तोंडातच विरतं.

सत्तेचाळिसाव्या पानावर थांबले.
तिथे पेडामकरांनी लिहून ठेवलंय,
निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी :
“पंप चालू दिसतो पण बोलत नाही, तर घाबरू नका.
नेटस्टॅट द्या. शेवटचा रकाना वाचा.
तिथे ‘एस्टॅब्लिश्ड’ असेल तर जोडणी जिवंत आहे,
साहेबांना उठवू नका.
नसेल तर वायर हलली असणार. खाली जा.
टॉर्च न्या. तिसरी पायरी निसरडी आहे.”

नुसतं नाव बदललं असतं
तर वाक्य शुद्ध राहिलं असतं आणि खोटं झालं असतं.
कारण नव्या आज्ञेत स्थिती शेवटी नसते,
सुरुवातीलाच येते, तीही अर्धी तोडून : ‘एस्टॅब’.
शेवटी असतो कुणाचातरी पत्ता.
रात्री तीन वाजता तो पत्ता वाचत
कोण बसणार, आणि काय समजणार?

भांडुपला फोन लावला, पंपघरात.
रात्रपाळीला रुख्साना मुकादम.
“नाव बदललंत? बदला की,” ती म्हणाली,
“पण मी शोधणार जुन्याच नावाने ना?
नवं माहीत असतं
तर तुमचं पुस्तक कशाला उघडलं असतं?”
मागे पंपांची घरघर, एक शिट्टी,
तिने कुणाला तरी दरडावलं, आणि परत फोनवर :
“बोटांना परिपत्रक कळत नाही, मॅडम.”

मुलुंडला जकात उठून वर्षं झाली.
ट्रकांच्या रांगा गेल्या, पावत्या गेल्या,
बूथमध्ये झोपणारी मांजरंसुद्धा गेली.
तरी शेअर रिक्षावाला चेकनाका म्हणतो
आणि माणसं बरोबर जागी उतरतात.
उतरल्यावर मात्र कुणीतरी सांगावं लागतं,
नाका कुठे होता, आणि आता कुठून वळायचं.

म्हणून ते पान मी पुसलं नाही.
शीर्षक तेच ठेवलं, नेटस्टॅट.
खाली ठळक लिहिलं :
ही आज्ञा आता मिळणार नाही. चूक तुमची नाही.
त्याऐवजी हे टाइप करा.
आधी शेवटी बघायचात, आता सुरुवातीला बघा.
पूर्ण शब्द शोधू नका, ‘एस्टॅब’ पुरे.
गोरेगावच्या डेपोत अजून जुनीच मशीन आहे,
तिथले असाल तर खालचा भाग वाचा.
सूचीत दोन्ही नावं घातली,
आणि तिसरं, जे लोक चुकून टाइप करतात तेही.

‘साहेबांना उठवू नका’ तसंच ठेवलं.
त्याला अजून पर्याय आलेला नाही.

शेवटच्या ओळीशी आले
आणि उगाचच पुन्हा फोन केला :
ती तिसरी पायरी, निसरडीच आहे का अजून?
रुख्साना हसली. “कधीच तोडली ती!
लोखंडी जिना आहे आता, कठडा पण आहे.
फक्त खालचा दिवा जातो सारखा.
आणि शेवटची पायरी जरा उंच पडते,
मी दोनदा आपटलेय.”

म्हणजे इतकी वर्षं
आम्ही आज्ञेची आवृत्ती तपासत होतो,
आणि लोक कागदावरची पायरी सांभाळत
दुसऱ्याच पायरीवर आपटत होते.

शुक्रवारी, पाच वाजून चाळीस मिनिटांनी पाठवलं.
बदलांच्या यादीत एकशे तेरा नोंदी.
साहेबांनी विचारलं, एक जास्त कशी?
मी म्हटलं, जिना.