उलटं ठेवू नये

कर्वे रोडच्या केमिस्टने थर्माकोलचा डबा दिला,
पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, परत आणू नका.
झाकणावर लाल अक्षरांत: इन्सुलिन. थंड ठेवा. उलटं ठेवू नये.
मी ते खोडलं नाही.

तीन दिवस वालाचेच.
भिजवले, मोड आणले, कोमट पाण्यात टाकून
एकेका दाण्याचं साल अंगठ्याने ढकललं.
नख अजून पिवळट आहे.
बिरडं, कोलंबीचं कालवण, खिम्याचे पॅटिस
सपाट पिशव्यांत भरून, हवा काढून
फ्रीझरमध्ये फायलींसारखे उभे केले.
पट्टीवर लिहिलं: सोम. रात्र. मंगळ. दुपार.
शिजत होतं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खिडक्या
एकामागून एक लागल्या.
एकदा गोठलं की मात्र कशालाच वास येत नाही.

सौमित्र म्हणाला, मावशी, उदयपूरला सगळं मिळतं.
मिळतं रे.
तळ्याकाठचं घर, भाडं रात्रीला साडेसहा हजार,
मालकाने फोटोत फ्रीझरसुद्धा दाखवलाय,
आत एक लिंबू.
खरं कारण त्याला सांगितलं नाही:
आयतं असलं की
दोघींना ओट्याशी उभं राहावं लागत नाही,
मीठ कुणी टाकायचं ते ठरवावं लागत नाही.
गरम करायचं, जेवायचं, तळं बघायचं.
त्याच्या आईशी मी सात वर्षं
'पोचलीस का' आणि 'हो' एवढंच बोलते आहे,
सहकारनगरचा फ्लॅट विकला तेव्हापासून.

पहाटे चारला रिक्षावाला लोहगावला मीटरवर आला,
हे कुठेतरी नोंदवून ठेवायला हवं.
निलू आधीच रांगेत. हातात फक्त पर्स,
नेहमीसारखी.
मशीनमागच्या जवानाने डबा उघडायला लावला,
बोटाने पिशवी दाबली. दगड.
ये क्या है?
बिरडं, मी म्हणाले. दुसरा शब्द सुचेना.
त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी झाकण वाचलं,
मग मला वाचलं.
शुगर कितनी रहती है, माताजी?
कमी-जास्त, मी म्हणाले.
मागे निलू हसल्यासारखं वाटलं.
वळले तर ती घड्याळ बांधत होती.

मग विमानाला उशीर. आधी चाळीस मिनिटं,
मग फलकावर वेळच नाही.
धुकं म्हणे तिकडे. इथे काचेबाहेर लख्ख ऊन.
नऊला डब्याच्या कोपऱ्यातून एक थेंब.
दहाला मी खाली रुमाल ठेवला.
साडेदहाला लसूण आली. मागोमाग ओलं खोबरं,
आणि मग वालाचा तो उग्र, जरासा कडवट वास,
सहकारनगरच्या जिन्यात
चपला काढतानाच कळायचा तो.

शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले.
निलूने पुस्तक मिटलं.
माझ्याकडे न बघता डबा पायाने स्वतःकडे ओढला,
झाकण उचललं, 'सोम. रात्र.'वर बोट टेकवलं.
बोट आत रुतलं.

"आमसूल घातलंयस ना," ती म्हणाली,
"की तुझ्या सासरची चिंच?"

सात वर्षांनी प्रश्न आला तो हा.
माझ्याकडे उत्तर होतं.
शिवाय आणखी एक होतं, धार लावलेलं,
रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या त्या दुपारचं,
रोज दात घासताना पाठ केलेलं.
मी म्हणाले, चमचा आहे का तुझ्याकडे?

तिने पर्समधून काढला.
आईचा. दांडा थोडा वाकलेला.
फ्लॅट रिकामा करताना
सगळीकडे शोधून जो सापडला नव्हता.

मी काही बोलले नाही. तीही नाही.
पिशवी दोघींच्या मध्ये खुर्चीवर उघडली.
मधोमध अजून बर्फ होता.
कडेकडेने खायला सुरुवात केली.