सातवा सेकंद

डुलुथ शहर उतारावर वसलंय.
वरच्या गल्लीत हातातून सुटलेला चेंडू
थेट सुपिरियर सरोवरात जाऊन पडतो म्हणतात;
निदान तशी एक तक्रार माझ्या वहीत आहे.

मी वाहतूक खात्यात फोन घेते.
खोलीला खिडकी नाही. भिंतभर नकाशा आहे,
टाचण्या टोचून टोचून चाळण झालेला.
जानेवारीत फोन श्वास घेऊ देत नाही:
तुमच्या नांगरगाडीनं बर्फ ढकलून माझंच दार बुजवलं,
बाकाचं तोंड रस्त्याकडे कशाला, पाण्याकडे करा,
आमच्या पाटीवरचं एक अक्षर वाऱ्यानं नेलं,
आता पार्सल भलत्याच्या घरी जातात.
एकदा रात्री एकानं नुसतंच विचारलं,
मीठ टाकणारी गाडी एवढी हळू का जाते?
म्हटलं, घाईनं टाकलेलं मीठ कुठंतरी अळणी राहतं.
तो हसला,
आणि बराच वेळ त्यानं फोन ठेवला नाही.

कोस्केलाबाईंचं बोलणं मात्र मोजकं.
"नववी आणि चौथी मिळतात तिथं
तुमचा तो दिव्यातला पांढरा माणूस
अठरा सेकंदांत पलीकडे जातो. मी जात नाही.
माझी औषधं पलीकडच्या दुकानात.
तुमच्या माणसाचं वय काय?"

शेवटच्या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.
शेऱ्यात लिहिला.

लीफ टॉर्गरसननं शेरा वाचला, टोपी घातली.
उणे एकोणीस होतं त्या दिवशी.
बाई वॉकर घेऊन खाली आल्या,
वॉकरच्या पायांना टेनिसचे जुने चेंडू.
लीफ शेजारून चालला, हातमोज्यात घड्याळ.
हात धरला नाही;
धरला असता तर मोजणी खोटी ठरली असती.
अर्ध्यावर केशरी पंजा लुकलुकू लागला,
एका ट्रकनं घसा खाकरला,
आणि पलीकडच्या फुटपाथला वॉकर टेकला तेव्हा
पंचवीस.

म्हणजे सात कमी.

वरच्या मजल्यावर हिशोब मांडला गेला.
दर फेऱ्याला सात, दिवसाचे फेरे इतके,
लाकडाचे ट्रक उतारावर ब्रेक दाबून उभे,
तेरा नंबरची बस शाळेला उशिरा.
यातलं खोटं काहीच नव्हतं.
रस्ता पांघरुणासारखा:
एकाच्या पायांवर ओढला की दुसऱ्याचे उघडे.
सही झाली ती सहावर.

मीच फोन केला. सहा म्हणाले.
पलीकडे किटलीचा आवाज येत राहिला.
मग बाई म्हणाल्या,
"बरं. सातवा मी आणते."

कुठून आणला ठाऊक नाही.
दोन हिवाळे आणत होत्या.
तिसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या पायरीवरचं फावडं
कुणी उचललं नाही;
लीफनं जाता-येता पाहिलं, मला सांगितलं,
मग दोघांनीही उगाचच नकाशाकडे पाहिलं.

यंदा फेरतपासणीचा कागद आला.
नववी आणि चौथी: चोवीस सेकंद.
नियमापेक्षा जास्त. कारण?

जेवणाच्या सुट्टीत स्वतःच गेले तिथं.
ट्युबाची पेटी पाठीवर घेऊन एक मुलगी गेली,
वाकून, कासवासारखी.
मग एक पोरगा. रस्त्याच्या मधोमध त्याचा मोजा पडला,
तो पुढं गेला, थबकला, मागं वळला,
उचलला, झटकला,
ट्रकवाल्याला हात केला आणि आरामात पलीकडे.
कुणाच्या सेकंदांवर उभा होता
त्याला काय कल्पना.
आणि कळून तरी काय करणार होता?

परत येऊन रकान्यात आधी बाईंचं नाव लिहिलं.
खोडलं.
मेलेल्या माणसाच्या नावावर दिवा चालत नाही,
असं वरून उत्तर आलं असतं.
लीफ म्हणाला, लिही, वापरात आहे.

लिहिलं: वापरात आहे.

फोन वाजला. बाकवाले.
बाकाचं तोंड अजून रस्त्याकडेच आहे.