मोजदाद

दोन खोल्या, एक मोरी,
आणि सकाळच्या हजेरीला एकोणतीस.
काल एकतीस भरली होती.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये कागद मोजले मी.
एक ताव कमी निघाला की पाळी अडायची,
गेट बंद, बायका रिकामे डबे मांडीवर घेऊन बसलेल्या,
आणि तो सापडायचा माझ्याच गठ्ठ्यात.
नाही, खोटं कशाला बोलू,
माझ्या गठ्ठ्यात कधीच नाही.

आता मोजणीच पळते.
कपाटावर चढली ती मोजलेली की राहिलेली?
खाटेखालच्या मोजायच्या डोळ्यांवरून, भागिले दोन,
पण कोपऱ्यातल्या आजारीला डोळा एकच,
म्हणून उत्तर अर्ध्याने चुकतं.

सुरुवात एकीपासून.
वरचे भाडेकरू पिंपळगावला गेले,
जाताना कुकरची जुनी रिंग आणि मांजर ठेवून गेले.
रिंग मी फेकली.
चैत्रात तिला चार झाली.
दिवाळीला तिला पुन्हा, शिवाय चारांतल्या दोघींना.
पुढच्या वैशाखात आजी, आई, लेक
एकाच द्राक्षांच्या क्रेटमध्ये पडून
दिसेल ते पिल्लू चाटत होत्या.
कोणाचं कोणतं, हे त्यांनीही विचारलं नाही.

बोका रात्री यायचा, जेल रोडच्या बाजूने,
फाटक्या कानाचा.
पत्र्यावर उभा राहून असा गळा काढायचा
की खैरनार बाई खिडकी उघडून म्हणायच्या,
"अहो बोरस्तेबाई, जावई आले तुमचे!"

पेन्शन येते ती अशी जाते:
दूध, बोंबलांची डोकी,
सुताराकडचा भुसा, पोत्यावर,
फिनेल.
खिडकी उघडली तर थंडी, लावली तर वास.
पौषात पारा सहावर उतरला तेव्हा
माझ्या गोधडीवर अकरा जणी होत्या,
कूस बदलायची तर एकेकीची परवानगी.
नातवाला शिंका येतात, म्हणून लेक येत नाही.
"आई, त्या की आम्ही?" असं फोनवर एकदाच म्हणाली.
मी म्हटलं, थांब, दूध उतू जातंय.
गॅसवर काहीच नव्हतं.

मग तांबोळीची रिक्षा ठरवली.
तीन क्रेट, वर जुनी साडी, सुतळीने आवळलेली.
द्वारकेच्या सिग्नलला तिघी एकदम रडायला लागल्या,
शेजारची बस खिडक्यांतून वाकून बघत होती.
तांबोळी म्हणाला, "ताई, लोकांना वाटेल पोरं पळवतोय."

डॉक्टर गायखे, माझ्या लेकीहून लहान.
दोघींचं काम अर्ध्या तासात.
तिसरीच्या पोटावर हात ठेवून थांबली.
"हिच्यात चार आहेत, काकू. तीही काढावी लागतील.
सही करा."

सही.
खराब छपाईच्या तावांनाही माझी सही लागायची,
आडव्या दोन रेघा, खाली नाव, मग तुकडे.
शेकड्यांनी केल्या, हात कधी थांबला नाही.
इथे थांबला.
पेन डॉक्टरचं, टोपण चावलेलं.
"काकू, मागे लाईन आहे."
पगाराच्या सवयीने मी इंग्रजीत सही करते.
त्या दिवशी मराठीत केली. का, ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर ती दोन दिवस क्रेटपाशी बसली.
कशासाठी, ते मी ठरवणार नाही.
तिसऱ्या दिवशी उठून बोंबलाचं डोकं खाल्लं,
दुसरीच्या वाट्याचंही.

आता नऊ जणींच्या कानाचं टोक कापलेलं आहे.
मोजायला तेवढं बरं:
कापलेला कान, झाली. अख्खा कान, राहिली.
वीस राहिल्यात, बोके धरून.
महिन्याला तीन परवडतात.
तांबोळी हँडलवर बोटं मोजत म्हणतो,
"सात महिने, ताई. मग सुटलात."
मी मान हलवते.
मांजरीला दोनच महिने लागतात,
हे मी त्याला सांगत नाही.