पाणी निघालंय

वरच्या गावचा हुसेन लाईनमन.
त्याला मी कधी पाहिलेलं नाही.
आवाज तेवढा ओळखते,
गालात तंबाखू धरलेला.
फोनवर तो नमस्कार म्हणत नाही.
म्हणतो, "ताई, पाणी निघालंय,"
जसा कुणी सोयरा निघावा
दुपारच्या एस्टीनं.

तिथून आमच्या गावी यायला
मांजरेला अडीच तास लागतात.
तेवढ्यात गिरणीचा पट्टा उतरवायचा,
मोटार खोलून माळ्यावर चढवायची,
लोकांच्या दळणाचे डबे
खडूनं नावं घालून
देवळाच्या ओट्यावर रचायचे.
पूर परवडला,
पण ह्याची ज्वारी त्याला गेली तर
वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

मग मी खाली फोन लावते, भारतबाईला.
आशाताई आहे ती तिथली.
"केवढंय?" ती विचारते.
"चिंचेच्या दुसऱ्या फांदीला."
तिनं माझी चिंच पाहिलेली नाही,
पण मागं दुसऱ्या फांदीला होतं
तेव्हा तिच्याकडं म्हसोबा बुडाला होता.
आमचं माप हेच.
फांदी आणि म्हसोबा.

सातव्या माळेच्या रात्री
हुसेनचा फोन आला नाही.
पत्र्यावर पाऊस असा, की शेजारचं बोलणं कळेना.
म्हटलं, निजला असेल.
म्हटलं, टॉवर गेला असेल.
मग काही म्हटलं नाही,
चपला घातल्या.

आम्ही सगळे नदीकडं बॅटऱ्या धरून उभे
आणि पाणी मागून आलं.

वरच्या शिवारातल्या सोयाबीनच्या गंजी
ताडपत्रीसकट, दोरीसकट
अंधारात पोहत आल्या
आणि पुलाच्या नळ्यांत शिरून बसल्या.
त्यांच्यावर बाभळी, कडबा,
कुणाचा तरी लोखंडी पलंग.
पुलाला बूच बसलं.
नदी थबकली,
मग ओढ्यातून उलटी चढून
परसाच्या दारानं
घरात आली.

शाळेच्या गच्चीवरून मी फोन लावला,
बॅटरी चार टक्के.
"निघालं का?" भारतबाई म्हणाली.
"नाही. अडकलंय.
म्हणजे सुटेल तेव्हा सगळं एकदम सुटेल.
फांदी विचारू नको. बाया उठव."

पहाटे साडेतीनला पूल गेला.
जात्याची तळी फुटावी
तसा आवाज.
तासाभरात आमची अंगणं उघडी पडली.
गच्चीवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या,
पोरंच होती.
मी खालच्या अंगाला बघत राहिले,
तिकडं एकही दिवा नव्हता.

सहाव्या दिवशी अनोळखी नंबर.
"ताई, त्या रात्री खांबावर होतो मी."
एवढंच.
मग थुंकल्याचा आवाज,
मग, "तुमच्याकडं कसंय?"

नंतर भारतबाईचा.
दोन दिवस भरलेल्या बाया
ट्रॅक्टरमधून माळावर नेल्या होत्या तिनं.
एकीला तिथंच मुलगी झाली,
ताडपत्रीखाली.
मग म्हणाली,
"तुझ्याकडचा एक डबा आलाय बघ बाभळीत.
झाकण घट्ट, पीठ कोरडं.
नाव धुऊन गेलंय. कुणाचं?"
"वास घे."
"ज्वारी. आत उडीद, मूठभर."
तसं दळण आमच्यात एकटी गंगासागर आणते.
मी म्हटलं,
"खाऊन टाक.
त्या बाळंतिणीला दे भाकरी करून.
तिला सांगते मी,
दळण पोचलं म्हणून."