अकरा महिन्यांचा करार

कलम सात : पाळीव प्राणी चालणार नाहीत.
आगाशेकाकांनी ते दोनदा वाचून दाखवलं,
दुसऱ्यांदा चष्मा पुसून.
मी सही केली. तेव्हा खरंच कुणी नव्हतं,
एक गादी, एक बादली, आणि मी, उदगीरची.

जुलैत, पार्किंगच्या दिव्याखाली
पंख टाकून चालली होती ती,
मुंगळ्यांची राणी, पोटानं जड,
स्कूटरच्या चाकापासून वीतभर लांब.
लॅबच्या एप्रनच्या खिशात एक कोरी नळी राहिली होती,
रोज लोकांचं रक्त घेते तसली.

तळाशी पाणी, मग कापसाचा बोळा,
मग ती, मग पुन्हा कापूस.
हाताला सवय, म्हणून लेबलही लावलं :
नाव — . वय — .
उपाशीपोटी : होय.

ते खरंच निघालं.
महिना-दीड महिना काही खात नाही म्हणे,
उडायचे स्नायू आतल्या आत जिरवते
आणि त्यावर पहिली पोरं वाढवते.
मी कपाटाच्या खालच्या खणात, ओढणीखाली, तिला ठेवलं.
आठवड्यातून एकदाच बघायचं, असं ठरवून
रोज बघितलं.

आईचा फोन आला. म्हटलं, घरात बाळंतीण आहे.
उदगीरहून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.
मग, अगदी हळू : कोण गं?

रविवारी जुन्या बाजारात माशांची टाकी मिळाली,
कोपऱ्यात तडा गेलेली.
पाणी गळंल ताई, माणूस म्हणाला.
पाणी घालायचंच नाही, मी म्हणाले.
त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं
आणि आपणहून वीस रुपये कमी केले.

प्लास्टर कालवायला धिरड्याच्या पिठासारखं लागतं,
मी कालवलं भाकरीच्या.
आंघोळीचा मग कायमचा गेला.
दुसऱ्या खेपेला जमलं. ओलं होतं तोवर
चमच्याच्या दांड्यानं खोल्या कोरत बसले,
एका खोलीच्या घरात बसून पाच खोल्या,
मधे बोळ, आणि एक कोनाडा, उगीच.
वर लाल जिलेटीनचा कागद, म्हणजे त्यांना अंधार
आणि मला दिसणार.

काठाला स्पिरिटमध्ये कालवलेली पावडर फिरवली.
आई उंबऱ्यावर खडूची रेघ ओढायची
मुंग्या आत येऊ नयेत म्हणून.

सात जन्मल्या. चहासारख्या फिक्या,
एवढ्याशा, की आधी वाटलं
माझ्याच डोळ्यांपुढे काही तरी आलंय.
नळी टाकीत आडवी ठेवली, बोळा काढला.
मधाचा एक थेंब, टाचणीच्या डोक्याएवढा.

भाडं घ्यायला काका आले आणि टाकीपाशीच थांबले.
हे काय?
कलम सात, मी म्हणाले.
गुडघे वाजवत ते खाली बसले. मोजू लागले.
पाचावर चुकले, पुन्हा सुरुवात केली.
माझ्याही ओट्यावर आहेत की, म्हणाले,
त्यांना मी पाळलंय असं कोण म्हणेल?
आणि पावती लिहून गेले.

परवा दारात कालच्या पेपरची पुडी.
उघडली तर झुरळ, मेलेलं, एक पाय कमी.
त्यांचाच आवाज जिन्यातून : चालतं का यांना?
कलम आठ मांसाहाराबद्दल आहे.
मी आठवण करून दिली नाही.

आता सातही जणी नव्या घरात ये-जा करतात.
एकीनं पांढरा ठिपका उचलून नेला,
कोनाड्यात ठेवला,
तासाभरानं परत आणला.
राणी नळीतच.
दिवा नळीवर धरला, खोल्यांत काळोख केला,
कापसातलं पाणी पिवळं पडत चाललंय,
ती दारापर्यंत येते, मिशा बाहेर काढते,
मागे फिरते.

दहा-बारा वर्षं जगते म्हणे राणी.
माझ्या करारातले सहा महिने उरलेत.
पावणेतीन वाजलेत, सातला माझी ड्युटी,
बिबवेवाडीत कुत्रीसुद्धा झोपली.
ये ना बाई.
डिपॉझिट मागत नाही.