हातचा

अकरा ठिपके
बाकीच्या दोनशे तीन ठिपक्यांपासून फटकून बसलेत,
स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात,
मानपान न मिळालेल्या पाहुण्यांसारखे.

मी सॉफ्टवेअरला विचारते, हे कोण?
ते जरा वेळ चक्र फिरवतं
आणि नकाशा उघडतं:
पेशीतल्या सगळ्या वाटा, वळणं, चौक,
त्यातली एकच वाट लालभडक.
ग्लुकोज कमी. लॅक्टेट जास्त.
हायपोझँथिन, तेही जास्त.
योगायोगानं असं दिसण्याची शक्यता
हजारात दोन.

तौनो खुर्चीतून अर्धा उठला.
शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा त्यानं मनात लिहिलं असणार,
कारण तो हसला,
आणि तौनो वर्षातून दोनदा हसतो.

खिडकीबाहेर कल्लावेसी गोठलेलं.
दुपारी तीनला अंधार.
बर्फाला भोक पाडून कुणीतरी गळ सोडून बसलेलं.
मला वाटत राहिलं,
कुठंतरी पाणी मुरतंय.

नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या.
अकराही सरोवरापलीकडच्या आरोग्यकेंद्रातल्या.
अक्षर एकच,
नऊच्या शेपटीला तोच बाक.

फोन व्हिएनोनं उचलला. निवृत्तीला चार महिने राहिलेत तिच्या.
‘रक्त काढलं की नळी लगेच बर्फात,’ मी म्हटलं, ‘कागदावर आहे.’
‘ठेवते की.’
मग ती गप्प.
आमच्याकडे फोनवरची शांतता कुणी बुजवत नाही.
मीही नाही बुजवली.

‘काउको आला होता,’ ती म्हणाली.
‘बायको गेली त्याची ऑक्टोबरात.
दंडात सुई होती तोवर एक शब्द नाही.
सुई काढली, कापूस दाबला,
आणि बोलायला लागला.
तेव्हा काय फ्रीजरकडे जाऊ उठून?’

अशा अकरा कॉफ्या.

काउको बोलत होता तेव्हा
टेबलावरच्या स्टँडात त्याचं रक्त जागं होतं.
लाल पेशींना कुणी सांगितलंच नव्हतं
की आपण आता काउकोत नाही.
त्या नेमानं साखर खात राहिल्या,
नळीतल्या नळीत आंबट होत राहिल्या.
चाळीस मिनिटं.
कुणाचं तरी सत्तर.

यंत्रानं ते सगळं
दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत मोजलं.
सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं.
त्याच्याकडे रकाने होते:
वय, वजन, सिगारेट,
रायच्या काळ्या पावाचे दिवसाला किती तुकडे.
बेरीज बरोबरच होती,
हातचा धरायचा राहिला होता.

मी नवा रकाना घातला.
त्याला नाव दिलं ‘उशीर’.
पुसलं. ‘थांबणं’ लिहिलं, मिनिटांत.
आकडे व्हिएनोनं तोंडी सांगितले, माणसागणिक,
कोण रडलं, कुणी दुसरा कप घेतला, त्यावरून.

पुन्हा चालवलं.
अकरा ठिपके सावकाश गर्दीत शिरले.
लाल वाट करडी झाली.
तौनोनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
आणि ‘अकरा नमुने बाद’ एवढं बोलून
जेवायला गेला.

आजार नव्हता. काय होतं
त्याला नकाशात चौक नाही.

संध्याकाळी सगळ्या केंद्रांना सुधारित सूचना पाठवली.
कलम चार मी स्वतः लिहिलं:
आधी नळी बर्फात ठेवावी.
मग खुर्ची ओढावी.