हवेची चोरवाट

आधी बॅटरीची काळी तार, मग बाकीचं.
हे मी स्वतःलाच मोठ्याने सांगते,
शेडमध्ये दुसरं कोणी नाही म्हणून.
बाहेर केमीचा नोव्हेंबर, दुपारी तीनलाच दिवे,
गोठायचं की नाही, समुद्राचं अजून ठरत नाहीये.

कागद गिरणी बंद झाली तेव्हा हातात आलेल्या पैशांतून
मी ही मोटरसायकल घेतली, जुनी, दोन सिलिंडरची.
मुलगी म्हणाली, आई, फ्रीज घ्यायचा होता.
उन्हाळा बरा गेला. ऑगस्टपासून
सिग्नलला उभी राहिली की धापा टाकायची:
बाराशे, एकोणीसशे, बाराशे,
कुणी जिन्यावरून उगाच वर-खाली करावं तशी.

मॅनिफोल्डच्या सांध्यावर क्लीनरचा एक फवारा मारला
आणि आवाज बदलला.
तिथून येत होती तर, न विचारता.
सीटखालचा तो छोटा संगणक सरळमार्गी बिचारा,
थ्रॉटल उघडला तेवढीच हवा, असं धरून
पेट्रोल मोजून देतो.
मागच्या फटीतून कोण आत शिरलं
ते त्याच्या वहीत नाही.
एकवीस वर्षं मी गिरणीत कागदाचा ओलावा लिहून ठेवला.
अशा वह्या मी भरल्यात.

टाकी उचलली. एअरबॉक्स. क्लॅम्प सैल केले.
इंजेक्टरचे प्लग खटका दाबून, तार न ओढता,
प्रत्येकाला चिकटपट्टीवर आकडा.
थ्रॉटलची केबल शिवी ऐकल्याशिवाय सुटली नाही.
चार बोल्ट, कोपऱ्या-कोपऱ्याने, थोडे थोडे,
आणि मॅनिफोल्ड हातात. वजनाला एका पावाएवढा.
खालची रबरी रिंग चपटी झालेली,
वाळलेल्या वादीसारखी, वाकवली तर मोडली.

आता चिंधी कोंब, असं मी म्हणाले.
म्हणाले फक्त. चिंधी बाकावर होती
आणि हेडवरचा एक लहान स्क्रू मला खुणावत होता,
त्याचं काही काम नसताना मी तो काढला.
खाली तांब्याचा वॉशर.
टिक.
एवढाच आवाज, आणि तो आत.

विजेरी धरली. काजळी,
आणि मिटलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर
विहिरीतल्या नाण्यासारखा पडलेला.
मिटलेला, हे नशीब. पण गाडी गिअरमध्ये होती,
मागचं चाक चार बोटं फिरलं असतं तर उघडला असता,
मग तांबं पिस्टनवर, आणि माझा फ्रीज भंगारात.
मी गुडघासुद्धा हलवला नाही.
चुंबक लावून पाहिलं. तांबं चुंबकाला भीक घालत नाही.

एइनो दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे.
नऊ वर्षांचा शेजार, बोलणं हाताच्या बोटांवर.
वाकून पाहिलं. गेला.
पालथ्या घातलेल्या होडीजवळून
पाइनच्या डांबराची बरणी घेऊन आला
आणि म्हणाला, "सुई."

कसली?
"विणायची."

घरात जाऊन अर्ध्या हातमोज्यातून एक उपसली.
टोकाला त्याने थेंब घेतला, काकवीसारखा,
शेडभर धुराचा, होड्यांचा, कुणाच्या तरी लहानपणाचा वास,
आणि सुई माझ्याच हातात परत दिली.
हे मला अपेक्षित नव्हतं.

दोनदा निसटला. तिसऱ्यांदा चिकटला,
काठाशी येऊन डळमळला,
आणि वर.
एइनोने बाकावरची चिंधी उचलली,
फाडली, आणि दोन्ही भोकांत कोंबली.
बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं होतं.

रिंगा शनिवारी पोस्टाने आल्या.
पुन्हा कोपऱ्या-कोपऱ्याने, आकड्याला आकडा,
शेवटी काळी तार.
अकराशे पन्नास. काटा जागचा हलेना.
दार सताड उघडं, बर्फ भुरभुरतंय, एप्रिलपर्यंत रस्ता नाही,
आणि ती कुठेही न जाता
मोजून श्वास घेतेय.

एइनो कान देऊन उभा राहिला, बराच वेळ.
"नो नीन," म्हणाला,
आणि बरणी काखेत मारून गेला.

हातमोजा तसाच पडलाय, चार सुयांवर.
पाचवी हत्यारांच्या खणात. कितीही पुसली
तरी लोकर धरून ठेवते.
डाव्या हाताचा अंगठा राहिलाय.